सव्वा इंच खाली

कोपरच्या सुखनिवास सोसायटीत एका रविवारी विश्राम चौबळने आपल्या आईला गाडीत चढवलं, आणि तिथून सगळं बिघडलं.

चढवलं म्हणजे अक्षरशः चढवलं. गाडी नवी आणि उंच. आपल्याकडचे रस्ते असे, तेव्हा उंच गाडीच घे, असं ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांच्यापैकी एकाच्याही घरात एकोणऐंशी वर्षांची, चार फूट नऊ इंचांची, दोन्ही गुडघे गेलेली आई नव्हती. आधी चौरंग ठेवून पाहिला. शुभदाबाई म्हणाल्या, "चौरंगावर देव बसतात. मी अजून आहे." मग विश्रामने काखेत हात घातले, बायको आसावरीने पाय धरले, वॉचमन "आरामात, आरामात" म्हणत उगाच हवेत हात धरून उभा राहिला. आणि ज्या बाईंनी ठाण्याच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलं, ज्यांनी नुसता चष्मा काढून टेबलावर ठेवला तरी वर्ग चिडीचूप व्हायचा, त्या तांदळाच्या पोत्यासारख्या आडव्या आत गेल्या.

तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी व्हिडिओ काढला. सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आजच्या काळातला श्रावणबाळ', आणि पुढे हात जोडलेली सात चित्रं. लोकांना भक्तिभाव दाखवायला दुसऱ्याची आई फार सोयीची पडते.

शुभदाबाईंनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. मोबाइल परत देताना एवढंच म्हणाल्या, "मला पुन्हा उचलायचं नाही." त्यानंतर चार महिने त्या सोसायटीच्या गेटाबाहेर गेल्या नाहीत.

यात एक माणूस मात्र तिकडे अडकून पडला. ठाण्याला तलावामागच्या गल्लीत राहणाऱ्या डेल्फिनबाई. त्याच शाळेत गणित शिकवायच्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी या दोघी भेटत आणि दुपारभर मेलेल्या मुख्याध्यापकांना शिव्या देत. डेल्फिनबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्या घराबाहेर पडू शकत नव्हत्या. आणि येत्या महिन्यात त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. फोनवर त्या म्हणाल्या, "शुभदा, तू नाय आलीस तर मी केक कापणार नाय. सुरी पण काढणार नाय." शुभदाबाई "बघू" म्हणाल्या. त्यांच्या 'बघू'चा अर्थ घरातल्या सगळ्यांना ठाऊक होता.

मग भाड्याची गाडी का नाही केली, असं कोणी विचारेल. विचारा. विश्रामचा भाड्याच्या गाडीवर विश्वास नव्हता. खरं तर त्याचा कशावरच नव्हता. पेट्रोल भरताना तो आकड्यांकडे न बघता भरणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघायचा. डॉक्टरने रिपोर्ट चांगला आहे म्हटलं की याला वाटायचं, हा आपल्याला टाळतोय. असा माणूस आपली आई एका अनोळखी ड्रायव्हरच्या हाती कशी देईल? रिक्षाचं तर नावच नको, कोपर ते ठाणे रिक्षाने जायचं तर मणके मोजून निघावं आणि पोचल्यावर पुन्हा मोजावेत.

तेव्हा विश्रामने पिवळी टेप काढली. गाडीच्या दाराची चौकट जमिनीपासून सोळा इंच. आता आईचं पाऊल किती उचलतं ते हवं होतं. तीन दिवस तो टेप घेऊन आईच्या मागे मागे फिरला. ती पलंगावर बसली की वाक, न्हाणीघराचा उंबरा ओलांडला की वाक.

"विश्राम, मला शिंप्याकडे टाकणार आहेस का?" शुभदाबाईंनी चौथ्या दिवशी विचारलं.

"नाही गं. असंच."

"असंच कोणी आईचे पाय मोजत नाही."

बारा इंच निघाले. म्हणजे चार इंचांचा प्रश्न. आईला वर उचलायचं नाही, तर गाडी खाली आणायची. कॉलेजात जाणारी त्याची मुलगी उर्वी म्हणाली, "बाबा, त्याला लोअरिंग स्प्रिंग म्हणतात. छोट्या स्प्रिंग टाकतात, गाडी खाली बसते. पण ते पोरं करतात. मोठा आवाजवाला सायलेन्सर, काळ्या काचा, असा सीन असतो. तुम्ही त्रेपन्न वर्षांचे आहात."

"वयाचा काय संबंध?"

"लोक बोलतील."

"लोकांचं मी बघतो," विश्राम म्हणाला. हे वाक्य ज्याने ज्याने म्हटलंय त्याला नंतर लोकांनीच बघून घेतलंय.

पहिले लोक म्हणजे तळमजल्यावरचे कारखानीस. तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढून निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून दर हलणाऱ्या वस्तूवर मत देणारे. ते म्हणाले, "विश्रामराव, स्प्रिंग कशाला बदलता? डिकीत वजन टाका, गाडी आपोआप बसते. माझ्याकडे सिमेंटच्या चार गोणी आहेत."

विश्रामला लगेच संशय आला. कारखानिसांनी बाथरूमची दुरुस्ती काढली होती, त्यातल्या उरलेल्या गोणी जिन्याखाली पडून दगड झालेल्या, आणि त्या हलवा म्हणून सोसायटीने त्यांना तीनदा सांगितलेलं. "त्या फुटल्यात का?" त्याने विचारलं.

"फुटल्यात कशाला, घट्ट झाल्यात. म्हणजे सांडायचा प्रश्नच नाही."

कल्याणला रस्त्याकडेला एकाने तर कमालच केली. "कशाला नवी स्प्रिंग? आहे तीच कापतो. दोन वेढे उडवले की खाली. अर्धा तास." एवढं बोलून त्याने कटर चालूच केला. हा माणूस लोखंड कापतोय की आईचा कणा, अशा नजरेने बघत विश्रामने गाडी मागे घेतली आणि दोन सिग्नल पार होईपर्यंत आरशात त्याच्यावर लक्ष ठेवलं.

शेवटी डेल्फिनबाईंनीच आपल्या भाच्याचं नाव सांगितलं. केनेथ. खोपटला डेपोच्या मागे त्याचं गॅरेज. ओळखीतला माणूस म्हटल्यावर विश्रामचा संशय दुप्पट झाला, कारण अनोळखी माणूस फसवतो तेव्हा निदान भांडता येतं.

केनेथ चाळिशीतला, शांत. त्याने गाडीखाली वाकून पाहिलं, मग विश्रामकडे.

"किती खाली पायजे?"

"चार इंच."

"चार इंच केली ना साहेब, तर गाडी चालणार नाय. सरपटणार."

"तीन?"

"रोज चालवायची ना? चार माणसं घेऊन? आपल्या रस्त्यावर? मग सव्वा इंच. फायनल."

"पावणेतीन करा."

"भाजी नाय ही," केनेथ म्हणाला. त्याने फळीवरून दोन स्प्रिंग काढल्या, एक जुनी एक नवी. "ही बघा. छोटी आहे, म्हणून कडक पण पायजे. छोटी आणि नरम दिली तर पहिल्याच खड्ड्यात बूड टेकेल. आणि जास्ती कडक दिली तर तुमची आई प्रत्येक खड्डा मोजत येणार. सव्वा इंचात मला दोन्ही सांभाळता येतं. त्याच्या खाली गेलात तर टायर वर घासणार, धक्के झेलणारा शॉकअप पण लवकर मरणार."

विश्रामला वाटलं, हा मुद्दाम कमी सांगतोय. पण कमी सांगून याचा फायदा काय, ते सापडेना. फायदा सापडत नाही म्हणजे तो नीट लपवलेला आहे, असं त्याने मनात नोंदवून ठेवलं आणि पुढच्या गुरुवारची वेळ घेतली. उरलेल्या पावणेतीन इंचांचं काय करायचं, हे त्याने आपल्या नेहमीच्या पद्धतीने ठरवलं, म्हणजे त्यावर विचार करायचं टाळलं.

इथवर ठीक चाललं होतं. घोटाळा झाला तो भाषेमुळे.

गुरुवारी गाडी गॅरेजात राहणार, तेव्हा पाण्याच्या टँकरवाल्याने हवं तर आपल्या जागेवर टँकर लावावा, या चांगल्या हेतूने विश्रामने ग्रुपवर लिहिलं, 'गुरुवारी माझी गाडी खाली करायची आहे, पार्किंग मोकळं राहील.'

आता आपल्या भागात 'खाली' या शब्दाचे दोन बाप आहेत. एक मराठी, तो तळाशी नेतो. दुसरा हिंदी, तो रिकामं करतो. सोसायटीने दुसरा धरला. चौबळ गाडी खाली करतोय. म्हणजे गाडी काढतोय. म्हणजे विकतोय. दुपारपर्यंत नोकरी गेली होती, संध्याकाळपर्यंत चौबळ पुण्याला जाणार होते, आणि आसावरी भाजी आणायला गेली तर पहिल्या मजल्यावरच्या भावनाताईंनी तिचा हात धरून विचारलं, "फ्लॅटचं काय ठरवलंत? माझा भाऊ शोधतोय."

शुक्रवारी, म्हणजे गुरुवार यायला अजून सहा दिवस असताना, सेक्रेटरी देवयानी प्रधान यांनी नोटीस लावली की पार्किंग क्रमांक नऊ खाली होत असल्याने ते प्रतीक्षायादीतील पहिल्या सभासदास देण्यात येत आहे. पहिले सभासद भावनाताईच होत्या. विश्रामची गाडी बाहेर पडल्याबरोबर त्यांनी तिथे स्कूटर लावून तिला हारही घातला.

विश्राम नोटीस हातात घेऊन देवयानीबाईंकडे गेला.

"मिस्टर चौबळ, तुम्हीच लिहिलंय, गाडी खाली करायची आहे."

"खाली म्हणजे बुटकी, मॅडम. ठेंगणी."

"मग पार्किंग मोकळं राहील असं का लिहिलंत?"

"एक दिवस. एक."

देवयानीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "गाडी ठेंगणी कशाला करायची असते माणसाला? या वयात?"

उर्वीचं 'लोक बोलतील' ते हे. विश्रामच्या तोंडावर आलं होतं, आईसाठी. पण आईचं नाव निघालं की पुन्हा व्हिडिओ निघणार, पुन्हा हात जोडणार. तो म्हणाला, "माझी हौस." हे दोन शब्द बोलायला त्याला काय कष्ट पडले ते त्याचं त्याला माहीत. देवयानीबाईंनी अर्ज मागितला, सोबत गाडीत फेरफार कायदेशीर असल्याचा सरकारी कागद.

आता सरकारी कागद. कोणत्या कचेरीत गेला ते सांगत नाही, सगळ्या सारख्याच असतात. तीन खिडक्या फिरून तो चौथ्या खिडकीवर पोचला. आतल्या गृहस्थाने विचारलं, "उंची वाढवायचीय?"

"कमी करायचीय. सव्वा इंच."

"का?"

इथे खोटं बोलायची गरज नव्हती. "आईसाठी."

"गाडी आईच्या नावावर आहे?"

"नाही, माझ्या."

"मग आईचा संबंध काय?"

या देशात या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळ येईल असं विश्रामला कधी वाटलं नव्हतं. मग गृहस्थच जरा मवाळ झाला. म्हणाला, "हे बघा, तुम्ही केलंत तर कोणी विचारणार नव्हतं. आता तुम्ही विचारलंत, म्हणजे मला नियम शोधायला लागणार. शोधू का?" ज्या प्रेमाने त्याने 'शोधू का' विचारलं त्यात सगळं आलं. विश्राम नमस्कार करून निघाला. देवयानीबाईंना त्याने टायरच्या पावतीची झेरॉक्स दिली. ती इंग्रजीत होती आणि तिच्यावर शिक्का होता. पार्किंग नऊ परत मिळालं, स्कूटरच्या हारासकट.

गुरुवारी स्प्रिंग बसल्या. केनेथने चाकांचं अलाइनमेंट केलं, गाडी जमिनीकडे जरा ओणवी झाल्यासारखी दिसायला लागली. विश्रामने स्वतः टेप लावली. सव्वा इंच. दुसऱ्या बाजूनेही लावली. तिथेही सव्वा. आता कशात खोट काढावी, याने तो थोडा निराश झाला.

पण चालवून बघायचं राहिलं होतं. खोपटहून निघताना त्याने मागच्या सीटवर, आई जिथे बसते बरोब्बर तिथे, अर्धा डझन अंडी पट्टा लावून ठेवली. अंडी वाचली तर आई वाचेल. कळव्याचा पूल झाला, पुढचे खड्डे झाले, खड्ड्यांवर टाकलेली आणि खड्ड्यांपेक्षा वाईट असलेली ठिगळं झाली. गाडी आधीपेक्षा जरा ठणठणीत वाटत होती, पण आदळत नव्हती. वळणावर तर आधीपेक्षा सरळ उभी राहत होती. कोपरला पोचल्यावर तो मागे जाऊन बघतो तर सहाच्या सहा शाबूत. त्यावरही विश्वास न बसून त्याने एकेक अंडं कानाशी नेऊन हलवून पाहिलं, आणि त्यात दोन त्याच्या हातून फुटली.

रविवार उजाडला. डेल्फिनबाईंचा वाढदिवस.

शुभदाबाईंनी पहाटेच आंघोळ केली, मोरपंखी साडी नेसल्या. म्हणजे जायचं त्यांच्या मनात होतं. विश्राम गाडी जिन्यापाशी घेऊन आला. आणि वर बघतो तर गॅलऱ्या भरलेल्या. ठेंगणी गाडी बघायला सगळी सोसायटी चहाचे कप घेऊन उभी. तिसऱ्या मजल्यावर एक मोबाइल तयारच होता.

शुभदाबाईंनी गाडीकडे पाहिलं, वर पाहिलं, काठी टेकली. "तुम्ही व्हा पुढे. मी गेटपर्यंत चालत येते."

"अगं पण गेटपर्यंत कशाला? आता सव्वा इंच—"

"तेवढी हवा लागेल. जा तू."

विश्रामला कळलं. ही अर्ध्या वाटेतून परत फिरणार. दम लागला म्हणेल, बीपी म्हणेल, आणि तिकडे डेल्फिनबाई सुरी काढणार नाहीत. आजचा रविवार गेला तर पुढचा कोणताच येणार नाही, हे त्याला समजलं. पण आईला काही म्हणायची त्याची टाप नव्हती. त्याने आसावरीला आणि उर्वीला गाडीत घेतलं. कारखानीस 'तांत्रिक मार्गदर्शन' म्हणून न विचारता मागे बसले, त्यांचं वजन पंचाण्णव किलो. विश्राम इंचाइंचाने गाडी हाकत, आरशात डोळे लावून निघाला. आरशात मोरपंखी ठिपका हलत होता. मध्येच थांबला. मग पुन्हा हलला.

आरशात बघत राहिल्याने समोर गेटाजवळचा गतिरोधक त्याला दिसला नाही. हा गतिरोधक सोसायटीने स्वतः बांधला होता, आणि ज्याने बांधला त्याला बहुधा धरण बांधायचं होतं. पुढची चाकं गेली. मागची जाताना पोटाखालून आवाज आला, खर्रर्र, आणि गाडी तिथेच राहिली.

"गेली," कारखानीस म्हणाले. "मी म्हटलं होतं."

"तुम्ही गोणी म्हटलं होतं," आसावरी म्हणाली.

सगळे उतरले. कारखानीस उतरले तशी गाडी लगेच वर उचलली गेली, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. विश्राम रस्त्यावर आडवा झाला आणि त्याने डोकं गाडीखाली घातलं. उर्वीने मोबाइलचा उजेड धरला, आसावरी आणि कारखानीसही वाकले. वॉचमन दुसऱ्या बाजूने वाकला. भावनाताई स्कूटर थांबवून वाकल्या. देवयानीबाई धावत आल्या, कारण गतिरोधकाला काही झालं असतं तर तो सोसायटीच्या मालमत्तेचा प्रश्न होता, आणि त्याही वाकल्या. गॅलऱ्यांतून तर गेट दिसतच नव्हतं, मध्ये जांभळाचं झाड होतं.

"तेल गळतंय का?"

"ते पाणी आहे, एसीचं."

"हे काळं काय लोंबतंय?"

"प्लास्टिकचा पत्रा. जरासा खरवडलाय. त्याला काय होतंय."

"शिक्क्याचा कागद आहे ना पण?" देवयानीबाई.

"मॅडम, डोकं बाजूला घ्या, उजेड येऊ द्या."

आठ-दहा मिनिटं हे चाललं. मग विश्रामला एकदम आई आठवली. तो धडपडत उठला, सोसायटीच्या रस्त्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा. मोरपंखी काहीच नाही.

"गेली परत," तो म्हणाला. त्याचा आवाज असा आला की उर्वी उठून उभी राहिली.

"कोण परत गेलं?" गाडीच्या आतून शुभदाबाईंनी विचारलं.

त्या मागच्या सीटवर बसल्या होत्या. पट्टा लावलेला, पर्स मांडीवर, काठी बाजूला टेकवलेली. केसांची एक बट तेवढी सुटली होती.

विश्रामने आसावरीकडे संशयाने पाहिलं. तिने मान हलवली. उर्वी नाही, वॉचमन नाही, वॉचमन तर अजून गाडीखालीच होता. सव्वा इंचात हे होणं शक्य नव्हतं. पावणेतीन इंच अजून कुठेतरी शिल्लक होते, त्याने स्वतः मोजले होते.

"आई, तू चढलीस कशी?"

मग त्याला साडीवर, दोन्ही गुडघ्यांपाशी, दाराच्या चौकटीचा काळा पट्टा दिसला. हातांच्या तळव्यांनाही धूळ होती. जन्मात पहिल्यांदा विश्राम चौबळला एखाद्या गोष्टीचा पूर्ण तपास लागला होता, आणि तो त्याने तोंडातून बाहेर काढला नाही.

"स्प्रिंग चांगल्या आहेत," शुभदाबाई म्हणाल्या. "निघायचं का? की इथेच वाढदिवस करायचाय?"

"हे मी सांगतच होतो," कारखानीस म्हणाले. विश्रामने त्यांना गेटावरच राहू दिलं.

ठाण्याला तलावामागच्या गल्लीत गाडी थांबली. डेल्फिनबाईंच्या अंगणातून केनेथचा आवाज येत होता, कोणीतरी फुगे फोडत होतं. विश्रामने मागचं दार उघडलं आणि सवयीने हात पुढे केले.

"हात मागे," शुभदाबाई म्हणाल्या. "तिघंही तिकडे तोंड करा. भिंतीकडे."

"आई, पडलीस तर?"

"विश्राम."

तिघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंतीवर 'येथे गाडी लावू नये' लिहिलेलं होतं, विश्रामने ते नऊ वेळा वाचलं. मागे सीट करकरली. काठी दाराला आपटली. मग बराच वेळ काहीच नाही. मग दम टाकल्याचा आवाज, साडीची सळसळ, आणि पुन्हा काही नाही. त्याची मान आपोआप वळायला लागली. त्याने डावा हात गालाला लावून ती धरून ठेवली. उर्वी हसली नाही.

चप्पल फरशीवर टेकली. दुसरी टेकली. काठी ठक ठक करत निघाली, फाटक कुरकुरलं.

तरी विश्राम वळला नाही. आतून आवाज आला तेव्हा तो अजून भिंतच बघत होता.

"एवढ्याला केक म्हणतेस, डेल्फिन? आणि सुरी कुठे आहे?"